मधली रात्र

2 डिसेंबर 1975, मंगळवार. बीबीसी वनवरच्या रात्री नऊच्या बातम्या संपल्या आणि ‘प्ले फॉर टुडे’ या मालिकेतलं त्या आठवड्याचं नाटक लागलं. ख्रिस्टीन पॉट्स ही कामगार कुटुंबातली तरुण बाई, संसारी, लेकुरवाळी. स्तनात गाठ लागली म्हणून ती हॉस्पिटलात भरती होते. गाठीचा तुकडा काढून तपासायचा, एवढंच तिला ठाऊक. एक कागद पुढे येतो, ती सही करते. भूल दिली जाते. जाग येते तेव्हा छातीवर जाडजूड बँडेज असतं, आणि त्या बँडेजखाली आता काय नाही हे तिला कुणीच सांगत नाही.

नाटकाचं नाव ‘थ्रू द नाइट’. लेखक ट्रेव्हर ग्रिफिथ्स, दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग. हा लिंडसे-हॉग म्हणजे बीटल्सवरचा ‘लेट इट बी’ माहितीपट करणारा. ख्रिस्टीनचं काम अ‍ॅलिसन स्टेडमननं केलं होतं. 1995 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली, मुलींच्या लग्नापायी सारं घर डोक्यावर घेणारी मिसेस बेनेट ज्यांना आठवते, त्यांनी तीच नटी वीस वर्षं मागे नेऊन, वॉर्डातल्या पांढऱ्या चादरीखाली गप्प पडलेली डोळ्यांपुढे आणावी.

त्या रात्री सुमारे 1 कोटी 10 लाख लोकांनी हे नाटक पाहिलं. आकडा नुसता वाचून त्याचं वजन कळत नाही. पुण्याच्या बालगंधर्वसारखं हजारेक खुर्च्यांचं नाट्यगृह धरा. रोज एक प्रयोग, रोज हाउसफुल, एकही सुट्टी नाही. तरी तेवढे प्रेक्षक व्हायला तीस वर्षं लागतील. इथे ते एका रात्रीत झाले. ब्रिटनमध्ये तेव्हा तीनच वाहिन्या होत्या आणि घरात व्हिडिओ रेकॉर्डर असणं ही चैन होती. जे लागलं ते तेव्हाच पाहायचं, नाहीतर चुकलं. ग्रिफिथ्सचा दूरचित्रवाणीवर जीव होता तो याच कारणासाठी. मँचेस्टरच्या अ‍ॅन्कोट्स या गिरणी भागात 1935 मध्ये जन्मलेला हा माणूस पक्का डावा होता. शिष्यवृत्तीवर शिकला, शिक्षक झाला, काही वर्षं बीबीसीत शिक्षण अधिकारी होता. त्याचं ‘कॉमेडियन्स’ हे गाजलेलं नाटक त्याच 1975 साली नॉटिंगहॅमला रंगभूमीवर आलं, आणि लॉरेन्स ऑलिव्हिएसारख्या नटानं त्याच्या ‘द पार्टी’त काम केलं होतं. तरी त्याचं म्हणणं असं, की नाट्यगृहात येणारे आधीच आपल्या बाजूचे असतात. ज्यांच्याविषयी आपण लिहितो ती माणसं टीव्हीपुढे बसलेली असतात. ‘थ्रू द नाइट’मागे तर घरचीच गोष्ट होती. त्याच्या पत्नीवर ही वेळ आली होती आणि हॉस्पिटलमधल्या दिवसांची डायरी तिनं लिहून ठेवली होती. नाटक उभं राहिलं ते त्या डायरीवर.

ब्रिटिश टीव्हीला हॉस्पिटल नवं नव्हतं. 1957 पासून दहा वर्षं ‘इमर्जन्सी वॉर्ड 10’ ही मालिका चालली. स्कॉटलंडच्या खेड्यातल्या डॉक्टरांची ‘डॉक्टर फिनलेज केसबुक’ 1962 ते 1971. शिकाऊ नर्सेसची ‘एंजल्स’ ही मालिका तर 1975 मध्येच सुरू झालेली. शिवाय 1958 मध्ये बीबीसीनं ‘युअर लाइफ इन देअर हँड्स’ या कार्यक्रमात खरीखुरी ऑपरेशन्स दाखवली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनंच आक्षेप घेतला होता. लोक घाबरतील, नसलेले आजार अंगाला लावून घेतील, असं त्यांचं म्हणणं. त्या कार्यक्रमाच्या नावाचा अर्थच मुळी ‘तुमचं आयुष्य त्यांच्या हाती’ असा होतो. या सगळ्यांत कॅमेरा उभा असायचा तो डॉक्टरांच्या बाजूला. पेशंट यायचा, बरा व्हायचा किंवा मरायचा, पुढच्या आठवड्यात त्या खाटेवर दुसरा कुणी. डॉक्टर मात्र तेच. त्यांची प्रेमं, त्यांची भांडणं, त्यांचे थकलेले चेहरे.

ग्रिफिथ्सनं कॅमेरा उचलला आणि खाटेवर ठेवला. ‘थ्रू द नाइट’मध्ये आपल्याला जवळजवळ तेवढंच कळतं जेवढं ख्रिस्टीनला कळतं, आणि तेही तेव्हाच. डॉक्टर पलंगाशी उभं राहून एकमेकांशी बोलतात ती भाषा तिला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. एखादा शब्द सुटा कानावर येतो आणि मनात घर करतो. नवरा भेटायला येतो तेव्हा त्याला काहीतरी माहीत आहे हे त्याच्या तोंडावरून तिला दिसतं. नर्स कामाचं बोलते आणि निघून जाते. रहस्यकथेत प्रेत पहिल्या पानावर असतं आणि शोध पुढे चालतो. इथे शोध घेणारीच्याच शरीरातलं काहीतरी नाहीसं झालं आहे, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला ते तिच्याआधी ठाऊक आहे.

आता त्या कागदाकडे येऊ. कारण सगळ्या गोष्टीची मेख तिथे आहे.

ब्रिटनमध्ये त्या काळी ऑपरेशनपूर्वी सही घ्यायचा जो छापील नमुना सर्रास वापरात होता, त्यात एक वाक्य असायचं. अमुक ऑपरेशनला माझी संमती आहे, आणि ते करताना जे आणखी किंवा पर्यायी उपाय आवश्यक दिसतील त्यांनाही आहे, असा त्याचा मतलब. दिसायला निरुपद्रवी. पोट उघडल्यावर अपेंडिक्सऐवजी आतडं फाटलेलं निघालं, तर सर्जननं पेशंटला उठवून विचारायचं का? त्यासाठी ते वाक्य. पण ‘गाठीची तपासणी’ असं लिहिलेल्या कागदावर तेच वाक्य आलं, की त्याच्या पोटात अख्खा स्तन मावतो. ख्रिस्टीननं ज्यावर सही केली त्याचा खरा अर्थ तिला शुद्धीवर आल्यावर कळतो. कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही. कागद तिच्यापुढेच होता.

मग प्रश्न असा, की तपासणी आणि स्तन काढणं या दोन गोष्टी एकाच भुलेत करायची पद्धत मुळात पडली कशी?

तिची एक मुळी बाल्टिमोरला जाते. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातल्या विल्यम हॉल्स्टेड या सर्जननं 1894 मध्ये पन्नास पेशंटचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एका सलग तुकड्यात काढायचं. कॅन्सर एका ठिकाणी सुरू होतो आणि तिथून पायरी पायरीनं बाहेर पसरतो, तेव्हा जितकं रुंद कापाल तितकं बरं, हा त्यामागचा विचार. त्याच्या काळात तो क्रूर नव्हता, उलट आशेचा होता. त्याआधी छातीवर पुन्हा पुन्हा उमटणारा रोग त्यानं पुष्कळ आवरला. पण मागे उरायची ती बसकी छाती, अवघडलेला खांदा आणि बऱ्याच जणींचा आयुष्यभर सुजलेला हात. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये याला विरोध करणारे होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलातला जेफ्री केन्स, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ केन्सचा धाकटा भाऊ, 1920 च्या दशकातच रेडियमच्या सुया टोचून स्तन वाचवत होता. डेव्हिड पेटीनं मोठा स्नायू जागेवर ठेवायला सुरुवात केली. एडिंबराच्या मॅक्व्हर्टरनं नुसता स्तन काढून बाकीचं किरणोपचारावर सोपवलं. तरीही ‘कमी कापलं तर चालेल’ असं म्हणणारा सर्जन बराच काळ धाडसी किंवा निष्काळजी समजला जाई. जास्त कापणाऱ्याला कुणी जाब विचारत नसे.

दुसरी मुळी मला जास्त गंमतशीर वाटते, कारण ती एका खिडकीतून आत आली.

शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर त्याची चकती केसाच्या दहाव्या भागाहून पातळ कापावी लागते. मऊ मांसाची अशी चकती निघत नाही. लोण्याचं पाहा ना: ताज्या लोण्यात सुरी घातली की ते दबतं आणि फासतं, फ्रीजमधून काढलेल्या लोण्याची मात्र नेटकी पातळ पापडी निघते. म्हणून तुकडा आधी टणक करायचा. रूढ पद्धत मेणाची. तुकड्यातलं पाणी अल्कोहोलनं काढायचं, त्या जागी मेण मुरवायचं, मग कापायचं. चित्र सुंदर येतं, पण वेळ लागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये, पेशंट टेबलावर असतानाच गाठ कसली ते सांगता येईल का, असा सर्जन मंडळींचा तगादा होता. 1905 च्या जानेवारीत लुई विल्सन या तिथल्या रोगनिदानतज्ज्ञानं तुकडा सरळ खिडकीबाहेर ठेवला. मिनेसोटाचा हिवाळा! तो दगडासारखा गोठला. त्याची चकती कापून मेथिलीन ब्लूनं रंगवली आणि काही मिनिटांत उत्तर हाती आलं. हेच ‘फ्रोझन सेक्शन’. आज उणे वीस अंशांच्या आसपासच्या यंत्रात हे काम होतं. ऑपरेशन थिएटरातली मंडळी नुसतं ‘फ्रोझन पाठवलंय’ एवढंच म्हणतात.

शोध उत्तम. आजही त्यानं रोज कुणाचं तरी दुसरं ऑपरेशन वाचतं. पण हॉल्स्टेडची सुरी आणि विल्सनची खिडकी एकत्र आल्या आणि त्यातून एक दिनक्रम तयार झाला. सकाळी बाई भुलेखाली. गाठ काढली, फ्रोझनला धाडली. सर्जन पंधरा-वीस मिनिटं थांबला. निरोप आला, ‘कॅन्सर आहे’. त्याच भुलेत स्तन काढला. दुपारी बाई वॉर्डात. सर्जनच्या बाजूनं यात सोय होती आणि कारणंही होती. दोनदा भूल म्हणजे दोनदा धोका, शिवाय गाठीला सुरी लावून मग दिवस घालवले तर रोग पसरेल ही भीती. आधी सांगून बाईला काळजीत कशाला टाका, कदाचित गाठ साधीच निघेल, हाही युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता, कारण बहुतेक गाठी साध्याच असतात.

एवढंच, की या दिनक्रमातून एक रात्र गळाली. ‘तुला कॅन्सर आहे’ हे कळणं आणि शरीराचा भाग जाणं या दोहोंच्या मधली. त्या रात्रीत माणूस रडतं, भांडतं, नवऱ्याशी बोलतं, दुसऱ्या डॉक्टरला विचारून येते म्हणतं, कदाचित नकोच म्हणतं. ख्रिस्टीनच्या वाट्याला ती आली ती सगळं होऊन गेल्यावर. नाटकाच्या नावातल्या रात्रीकडे मी तरी असंच पाहतो.

ग्रिफिथ्सनं खलनायक उभा केला नाही हे मला या नाटकाचं मोठं बळ वाटतं. मोठे सर्जन आहेत मिस्टर स्टॉन्टन. (ब्रिटनमध्ये सर्जनला ‘डॉक्टर’ म्हणत नाहीत, ‘मिस्टर’ म्हणतात. पूर्वी डॉक्टर म्हणजे विद्यापीठातून आलेला वैद्य, आणि कापाकापी करणारा न्हाव्यांच्या संघातला कारागीर. 1745 मध्ये सर्जन न्हाव्यांपासून वेगळे झाले, पण ‘मिस्टर’ त्यांनी सोडलं नाही. एकेकाळची कमीपणाची खूण पुढे मानाची झाली. मोठेपणी नावापुढचा ‘डॉक्टर’ काढून टाकायला मिळणं ही तिथे बढती आहे.) तर हे मिस्टर स्टॉन्टन क्रूर नाहीत, आळशी नाहीत. हात कसलेला असावा. त्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे बाईचा जीव वाचवला आहे. राउंडला येतात तेव्हा मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग, कागद, कुजबुज. जखमेची चौकशी होते, बाईची होत नाही. शिवाय त्यांचे उच्चार वरच्या वर्गाचे आणि तिचे कामगार वस्तीतले. इंग्लंडमध्ये माणूस तोंड उघडताक्षणी त्याची पायरी ठरते. मोठ्या साहेबापुढे आपल्याकडचा माणूस बोलीतून पुस्तकी भाषेत शिरतो आणि मग गप्पच होतो, तसंच तिचं होतं. विचारायचं खूप असतं, तोंडातून ‘थँक यू’ निघतं.

शेवटी ती बाथरूममध्ये कडी लावून बसते. हॉस्पिटलात पेशंटच्या हातात असलेली एकुलती एक कडी! हाताखालचा एक डॉक्टर, पीअर्स (हे काम जॅक शेफर्डचं), दाराबाहेरून तिच्याशी बोलत राहतो, तिला बाहेर काढतो, गरम काहीतरी प्यायला देतो आणि काय झालं ते सरळ सांगतो. पहिल्यांदाच कुणीतरी. मग तो आपल्या धंद्याविषयीही बोलतो: आम्ही रोगावर उपचार करायला शिकलो आणि तो रोग ज्याला झाला त्या माणसाला विसरलो, अशा आशयाचं. दृश्य सुंदर आहे, पण इथे माझी थोडी कुरकुर आहे. पीअर्स जरा जास्तच छान बोलतो. व्यवस्थेचं दुखणं दाखवायचं आणि औषध म्हणून एक सज्जन पुरुष आणून बसवायचा, ही पळवाट वाटते. खरं सांगायचं तर प्रत्येक वॉर्डात असा एखादा डॉक्टर असतोच, आणि त्याच्या जिवावर बाकीची व्यवस्था आहे तशी चालत राहते.

बहुधा ग्रिफिथ्सलाही हे ठाऊक असावं. कारण तो पीअर्सपाशी थांबत नाही. वॉर्डात मिसेस स्कली नावाची एक म्हातारी आहे, तोंडाची तिखट आणि नियमांना न जुमानणारी. रात्री दिवे मंद झाल्यावर लपवून आणलेली बाटली बाहेर निघते आणि बायकांची चोरटी मेजवानी जमते. मी ज्यांना कधी ना कधी जनरल वॉर्डात रात्र काढावी लागली अशा बायांकडून ऐकलं आहे, की दिवसा वॉर्ड डॉक्टरांचा असतो आणि रात्री पेशंटचा. शेजारच्या खाटेवरची बाई पाणी देते, टाके कधी ओढतात ते सांगते, कुठली सिस्टर चांगली ते सांगते. डॉक्टरांना जे सांगायला सुचलं नाही ते ख्रिस्टीनला या बायकांच्या सोबतीत थोडंथोडं पेलायला लागतं.

तंत्राविषयी एक गोष्ट. त्या काळची बीबीसीची पुष्कळ नाटकं स्टुडिओत, एकाच वेळी तीन-चार कॅमेरे लावून, व्हिडिओ टेपवर ध्वनिचित्रमुद्रित होत. आधी रंगमंचासारख्या तालमी, मग मोजक्या दिवसांत मुद्रण. आपल्याकडे ज्यांनी दूरदर्शनची सुरुवातीची स्टुडिओ-नाटकं पाहिली आहेत (मुंबई केंद्र 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं) त्यांना हा पोत ओळखीचा वाटेल: भिंती किंचित सपाट, उजेड सगळीकडे सारखा, आणि लांबलचक प्रसंग न तोडता चाललेले. आजच्या डोळ्याला हे अडाणी वाटतं. हॉस्पिटलच्या नाटकाला मात्र ते पथ्यावर पडलं. वॉर्डाचा उजेडही तसाच सपाट असतो आणि तिथला वेळही कुणी कापून छोटा करत नाही.

नाटक संपलं आणि पत्रं सुरू झाली. वर्तमानपत्रांच्या सल्ला-सदरांकडे, बीबीसीकडे, लेखकाकडे. मुख्यतः बायकांची. त्यांच्या गोष्टी ख्रिस्टीनहून फार वेगळ्या नव्हत्या. ‘मलाही जाग आल्यावरच कळलं’ हे वाक्य घराघरांत एकटं पडून होतं, ते एकमेकांना भेटलं. स्तन काढलेल्या बायकांना आधार देणारी मॅस्टेक्टमी असोसिएशन ब्रिटनमध्ये 1973 मध्ये निघालीच होती. मँचेस्टरच्या पीटर मॅग्वायर या मनोविकारतज्ज्ञानं 1978 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मोजमाप मांडलं: स्तन काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात चारातल्या एकीला चिंता किंवा नैराश्यावर उपचार लागण्याची पाळी आली होती. ज्यांची गाठ साधी निघाली त्यांच्यात हे प्रमाण दहातल्या एकीचं. नाटकानं दाखवलेली बाथरूमची कडी मॅग्वायरच्या तक्त्यात आकडा होऊन आली, असं मला ते वाचताना वाटलं.

अटलांटिकपलीकडेही तेच चाललं होतं. 28 सप्टेंबर 1974 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड हिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तीही एकाच भुलेत: तपासणी, फ्रोझन, स्तन काढणं. तिनं ते जगाला उघड सांगितलं आणि त्यानं हजारो बायका तपासणीला गेल्या. त्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री रोझ कुशनर नावाची पत्रकार व्हाइट हाउसला फोन लावत होती. तिला स्वतःला हा रोग झाला होता आणि तिनं हट्टानं दोन टप्प्यांत उपचार करून घेतले होते. निदान आज करा, निर्णय नंतर घेऊ द्या, एवढंच तिला पोचवायचं होतं. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असं उत्तर तिला मिळालं. बाईच्या शरीराचा निर्णय, आणि झालेला राष्ट्राध्यक्षांचा! 1979 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची परिषद बोलावली तेव्हा याच कुशनरला तिथे बसवलं, आणि परिषदेनं दोन टप्प्यांची पद्धत उचलून धरली.

दरम्यान हॉल्स्टेडच्या विचाराचाच पाया खचत होता. अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर या सर्जनचं म्हणणं असं, की स्तनाचा कॅन्सर पायऱ्यांनी पसरत नाही. त्याच्या पेशी अनेकदा आधीच रक्तातून बाहेर पडलेल्या असतात, तेव्हा आणखी चार बोटं कापून काही साधत नाही. 1971 पासून त्यानं 1,600 हून अधिक स्त्रियांमध्ये कमी आणि जास्त कापण्याची तुलना करून हे तपासलं. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसीनं 1973 पासून 701 जणींमध्ये संपूर्ण शस्त्रक्रिया आणि स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया अशी तुलना केली. निकाल 1981 मध्ये आला. जगण्याच्या शक्यतेत फरक नव्हता. म्हणजे ख्रिस्टीन ऑपरेशन टेबलावर होती तेव्हा तिच्यासारख्या कित्येकींना स्तन काढायची गरजच नाही हे सिद्ध करणारे प्रयोग चालू होते, फक्त उत्तर यायचं होतं. घाई केली नसती तर कदाचित पर्याय होता, आणि घाईचंही वैद्यकीय कारण नव्हतं, कारण काही दिवसांनी रोगाला फारसा फरक पडत नाही.

पेशंटला सांगायचं की नाही, हे किती झपाट्यानं बदललं याचा एक नमुना. 1961 मध्ये शिकागोच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा 90 टक्के म्हणाले, कॅन्सर असल्याचं पेशंटला शक्यतो सांगत नाही. 1979 मध्ये दुसऱ्या एका पाहणीत 97 टक्के म्हणाले, सांगतो. मधली अठरा वर्षं. ‘थ्रू द नाइट’ त्या अठरा वर्षांच्या शेवटच्या वळणावर आहे.

आपल्याकडे हा आकडा काय असेल याचा मी अंदाज बांधणार नाही. एक वाक्य मात्र आपण सगळ्यांनी ऐकलंय. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर केबिनच्या दारात येतात, पेशंट समोर बसलेली असते, आणि ते तिच्या डोक्यावरून पाहत विचारतात, “बरोबर कोण आहे?” मग मुलगा किंवा दीर आत जातो. बाहेर येताना त्याचा चेहरा नीट लावलेला असतो. “काही नाही गं, साधी गाठ आहे,” असं तो म्हणतो आणि बाई समजते ते समजते. यात प्रेम असतं, हे मी नाकारत नाही. जोच्या, म्हणजे ख्रिस्टीनच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरही ते होतं.

आणि तो कागद? त्याचा निकाल भारतात 2008 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं दिला. प्रकरण स्तनाचं नव्हतं, गर्भाशयाचं होतं. दिल्लीतल्या एका बाईनं पोटात दुर्बीण घालून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय काढले गेले. न्यायालयानं सांगितलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढाच अपवाद. पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आणता येते, तर आईची सही चालणार नाही. दोन्हींना एकदम संमती घ्यायची असेल तर ती स्पष्ट सांगून, आधी घ्या. डॉक्टरांच्या हेतूवर न्यायालयानं बोट ठेवलं नाही. हेतू चांगला असला तरी हक्क बाईचाच, असा त्याचा रोख. नुकसानभरपाई 25 हजार रुपये. इंग्लंडमधल्या एका टीव्ही नाटकानं बत्तीस वर्षांपूर्वी दाखवलेली फट इथे कायद्याच्या भाषेत बुजवली गेली.

ट्रेव्हर ग्रिफिथ्स 2024 च्या मार्चमध्ये गेला. त्याच्यावरच्या लेखांत वॉरेन बेटीबरोबर लिहिलेल्या ‘रेड्स’ चित्रपटाचं नाव पुढे असतं, कारण तिथे ऑस्करचं नामांकन होतं. साहजिक आहे.

आज गाठ घेऊन आलेल्या बाईची तपासणी बहुतेकदा भुलेशिवाय होते. तेवढी जागा बधिर करतात, जाड सुई घालतात, टक् असा आवाज होतो, शेवईएवढे दोन-चार तुकडे निघतात. फॉर्मॅलिनच्या बाटलीवर नाव लिहिलं जातं. संध्याकाळी लॅबमधला माणूस ते तुकडे जाळीदार डब्यांत घालून यंत्रात लावतो आणि घरी जातो. रात्रभर यंत्र एकटं चालतं: अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. सकाळपर्यंत घाई करता येत नाही. ती बाई त्या वेळी घरी असते. बहुधा जागी. कुणाला फोन करायचा, उद्या डॉक्टरांना काय काय विचारायचं, याची यादी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उतरवून काढत.